भाव का उतरला? सवलतीतील ऑस्ट्रेलियन वाइन ऑनलाइन निवडण्यापासून चाखण्यापर्यंत

मोंढ्यात तुरीचा भाव आठवडाभरात उतरला, तर जाणता खरेदीदार लगेच माल उचलत नाही. तो आधी आडत्याला विचारतो की भाव का उतरला. आवक वाढल्यामुळे उतरला असेल तर माल घ्यावा; माल भिजल्यामुळे उतरला असेल तर हातही लावू नये. आमच्या घरी जालन्याच्या मोंढ्यात आडत होती, त्यामुळे हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गेली काही वर्षे मी मेलबर्नला राहणाऱ्या पुतण्याच्या सोबतीने तिथल्या सवलतीतील वाइन ऑनलाइन निवडतो, आणि त्या कामातही याच प्रश्नाने मला सर्वांत जास्त साथ दिली आहे. मराठवाड्यातील बऱ्याच घरांतील मुले-मुली आता सिडनी, मेलबर्न, पर्थला आहेत. सुट्टीत येताना ती एक-दोन बाटल्या आणतात किंवा आपण त्यांच्याकडे गेल्यावर खरेदी होते. अशा घरांसाठी ही पद्धत क्रमाने मांडत आहे.

आधी कायद्याच्या चौकटी

ऑस्ट्रेलियातील ऑनलाइन दुकानातून थेट परभणी किंवा नांदेडच्या पत्त्यावर बाटली मागवण्याचा विचार करू नये. मागणी तिथल्याच पत्त्यावर नोंदवावी आणि ती तिथे राहणाऱ्या सज्ञान व्यक्तीनेच नोंदवावी. ऑस्ट्रेलियात मद्यखरेदीसाठी किमान वय १८ आहे आणि बाटल्या घेताना ओळखपत्र मागितले जाऊ शकते. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन बाटल्यांनंतर बरोबर अर्धा लिटर उरतो. ही जागा मी कधीच वाया जाऊ देत नाही, कारण व्हिक्टोरियातील रदरग्लेन येथील मस्कॅट ही गोड वाइन ३७५ आणि ५०० मिलिलिटरच्या लहान बाटल्यांत मिळते आणि ती या हिशेबात नेमकी बसते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून आधीच काढून ठेवावा.

नात्यातले कोणी तिकडे नसेल, तर परवानाधारक दुकानात आयात केलेली ऑस्ट्रेलियन वाइन मिळते. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार ५ अमेरिकन डॉलरहून अधिक आयात किंमत असलेल्या बाटलीवरील शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले, १५ डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीवरील ७५ टक्क्यांवर आले, आणि दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. त्यावर राज्याचे कर लागतात, म्हणून दुकानातील किमतीत ही घट पूर्ण उतरत नाही. परंतु वरच्या दर्जाच्या बाटलीला कराराचा लाभ अधिक मिळतो, हे निवडताना लक्षात ठेवावे.

भाव उतरण्याची कारणे ओळखणे

संपूर्ण खरेदीत सर्वाधिक वेळ याच टप्प्यावर घालवावा. पडद्यावर ‘६० टक्के सूट’ दिसते, पण तिच्यामागचे कारण क्वचितच लिहिलेले असते. ते आपणच शोधायचे असते.

पहिले कारण आवक वाढण्याचे. चीन हा ऑस्ट्रेलियन वाइनचा मोठा ग्राहक होता आणि तिथली विक्री वर्षाला १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये चीनने तात्पुरते शुल्क बसवले आणि मार्च २०२१ मध्ये ११६.२ ते २१८.४ टक्क्यांपर्यंतचे शुल्क कायम केले. बाजार जवळजवळ बंद पडला. चीनला जाणारा माल मुख्यतः लाल वाइनचा होता, त्यामुळे शिराझ आणि काबर्ने सोविन्यों या वाणांची लाल वाइन टाक्यांमध्ये साचत गेली. २९ मार्च २०२४ रोजी हे शुल्क उठले, तरी साचलेला माल एका दिवसात संपत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातील रिव्हरलँडसारख्या कालव्याच्या पाण्यावरील भागांत द्राक्षाला उत्पादनखर्चाएवढाही भाव मिळेना, तेव्हा काही बागायतदारांनी वेली उपटल्या. कडवंचीच्या किंवा तुळजापूरकडच्या द्राक्षबागायतदाराला ही वेदना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या कारणाने स्वस्त झालेल्या वाइनमध्ये दोष काहीच नसतो. माल चांगला आहे, गिऱ्हाईक गेले आहे. सवलतीत लाल वाइन घ्यायची तर ती अशी घ्यावी.

दुसरे कारण जागा मोकळी करण्याचे. नव्या वर्षाचा माल आला, लेबल बदलले किंवा मोजक्या बाटल्या उरल्या, की दुकानदार भाव उतरवतो. हेही कारण चांगले, मात्र इथे वर्ष पाहावे लागते. पांढरी सोविन्यों ब्लां, गुलाबी रोझे आणि लाकडी पिंपात न ठेवलेल्या बहुतेक साध्या पांढऱ्या वाइन ताजेपणीच प्याव्यात. तीन-चार वर्षे जुनी स्वस्त सोविन्यों ब्लां म्हणजे भिजलेली तूर समजावी. याउलट हंटर व्हॅलीची सेमिलॉन आणि क्लेअर किंवा ईडन व्हॅलीची रिझलिंग या पांढऱ्या वाइन वय वाढले की खुलतात. तरुणपणी लिंबाच्या पाण्यासारखी आणि आंबट वाटणारी हंटर सेमिलॉन दहा वर्षांनी भाजलेल्या पावाचा आणि मधाचा गंध देऊ लागते, आणि तेही लाकडाचा स्पर्श नसताना. ग्राहकांना ‘जुनी पांढरी’ नको असते, म्हणून अशी बाटली कधी कधी सवलतीत पडून राहते. माझ्या मते सवलतीच्या बाजारातील सर्वांत मोलाची खरेदी हीच आहे. वर्ष मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी की दक्षिण गोलार्धात द्राक्षकाढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. म्हणून त्याच वर्षाच्या युरोपीय वाइनपेक्षा ऑस्ट्रेलियन वाइन सुमारे सहा महिन्यांनी मोठी असते.

तिसरे कारण म्हणजे भाव मुळात उतरलेलाच नसतो. मोठ्या दुकानसाखळ्या आणि ऑनलाइन विक्रेते स्वतःसाठी खास लेबले तयार करून घेतात. त्या लेबलाची बाटली दुसरीकडे कुठेच विकली जात नाही, त्यामुळे ‘मूळ किंमत ४० डॉलर, आता १३’ यातील ४० डॉलर कधी कोणी मोजले होते का, हे तपासायला साधन नसते. अशी वाइन वाईटच असते असे नाही. तेरा डॉलरची वाइन म्हणून ती उत्तम असू शकते. फक्त तिला चाळीस डॉलरची समजून आनंद मानू नये. परीक्षा सोपी आहे. बाटलीचे पूर्ण नाव वर्षासह शोधावे. दोन-तीन निरनिराळ्या दुकानांत आणि खुद्द द्राक्षमळ्याच्या संकेतस्थळावर ती दिसली, तर मूळ किंमत खरी मानावी. एकाच विक्रेत्याकडे दिसली, तर खोडलेली किंमत विसरून फक्त आजची किंमत पाहावी.

याशिवाय ‘क्लीनस्किन’ नावाचा प्रकार तिथे रूढ आहे. यात निर्मात्याचे नाव झाकून साध्या लेबलची बाटली विकली जाते. नावाजलेल्या मळ्याला जादा माल स्वतःच्या नावाखाली स्वस्तात विकायचा नसतो, म्हणून तो या वाटेने बाहेर पडतो. पण या वाटेने सुमार मालही बाहेर पडतो. लेबलवर प्रदेश, वाण आणि वर्ष ही तिन्ही लिहिलेली असतील तरच एक बाटली घेऊन पाहावी.

लेबल वाचणे

ऑस्ट्रेलियात लेबलवर वाण, वर्ष किंवा प्रदेश लिहायचा असेल, तर बाटलीतील किमान ८५ टक्के वाइन त्या वाणाची, त्या वर्षाची आणि त्या प्रदेशाची असावी लागते. म्हणून प्रदेशाचे नाव जितके नेमके, तितकी माहिती खात्रीची. ‘बरोसा व्हॅली’, ‘कूनावारा’, ‘मार्गारेट रिव्हर’ ही नावे ठरावीक सीमांची आहेत. ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ हे नाव मात्र न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया यांच्यासह आणखी दोन राज्यांचा मोठा भाग कवेत घेते, आणि ते दिसले की बाटलीत ठिकठिकाणची मिश्र वाइन आहे असे समजावे. बरोसातील ‘ओल्ड व्हाइन’ या शब्दांना मात्र वजन आहे. तिथल्या बागायतदारांनी २००९ मध्ये ठरवलेल्या सनदेनुसार ३५ वर्षांहून जुन्या वेलींना ‘ओल्ड’, ७० च्या पुढे ‘सर्व्हायव्हर’, १०० च्या पुढे ‘सेंटेनेरियन’ आणि १२५ च्या पुढे ‘अॅन्सेस्टर’ म्हणतात. युरोपातील बागा ज्या फिलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त केल्या, ती दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरू शकली नाही, म्हणून तिथे इतक्या जुन्या वेली उरल्या आहेत.

पाठीमागच्या लेबलवर ‘स्टँडर्ड ड्रिंक’ असा आकडा असतो. एक मात्रा म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १४.५ टक्के अल्कोहोलच्या शिराझमध्ये हा आकडा ८.६ च्या जवळ येतो, तर ११ टक्क्यांच्या सेमिलॉनमध्ये ६.५ च्या. कोणाला किती वाढावे, हे ठरवताना मी टक्केवारीपेक्षा हाच आकडा पाहतो. पदकांबाबत एवढेच सांगतो की तिथल्या स्पर्धांत १०० पैकी ९५ ला सुवर्ण, ९० ला रौप्य आणि ८५ ला कांस्य मिळते. कोणत्या वर्षाच्या वाइनला पदक मिळाले ते पाहावे, कारण गेल्या वर्षाचे पदक यंदाच्या बाटलीजवळ दाखवण्याची पद्धत सर्रास आढळते.

हिशेब आणि मागणी

किंमत नेहमी घरपोच, प्रति बाटली काढावी. समजा १२ बाटल्या १३२ डॉलरला आहेत आणि पोहोचवण्याचे १२ डॉलर, तर बाटली ११ ची नसून १२ ची पडली. पहिल्या मागणीवरील मोठी सूट बहुधा दर तीन महिन्यांनी आपोआप येणाऱ्या खोक्याशी जोडलेली असते. ती रद्द कशी करायची हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. विक्रेत्याने निवडलेला मिश्र डझन मी आता टाळतो. एकदा आम्ही तो घेतला होता. दोन बाटल्या उत्तम निघाल्या, आणि बाकीच्या दहांपैकी चार पांढऱ्या इतक्या शिळ्या होत्या की पुतण्याने त्या स्वयंपाकातच वापरल्या. दोन चांगल्या बाटल्यांच्या जोरावर दहा पडून राहिलेल्या खपवणे ही जुनी रीत आहे, आणि ती ओळखण्यासाठी यादीतील प्रत्येक बाटलीचे वर्ष वाचण्याखेरीज दुसरा उपाय नाही. शक्य असेल तिथे आधी एकच बाटली मागवावी, तिचा नमुना पाहावा आणि मगच डझन घ्यावा.

मागणी नोंदवण्याचा काळही महत्त्वाचा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला कडक उन्हाळा. गाडीत दिवसभर तापलेले खोके नको असेल, तर मे ते ऑगस्टमध्ये मागवून घरात थंड जागी ठेवून द्यावे.

घरी आणणे आणि सांभाळणे

बाटल्या चेक-इन सामानात, प्रत्येकी स्वतंत्र कपड्यात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात. वाटेत सिंगापूरला विमान बदलायचे असेल, तर हातातील बाटली सुरक्षातपासणीत अडण्याची शक्यता असते. खरी कसोटी मुंबईपासून संभाजीनगर, लातूर, बीडपर्यंतच्या गाडीप्रवासाची आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली एक कूनावारा काबर्ने मी गमावली आहे. घरी पोहोचलो तेव्हा बूच दोन मिलिमीटर वर सरकले होते, काचेवर चिकट ओघळ होता, आणि आतील वाइनला जांभळाऐवजी जास्त आटलेल्या मुरंब्याचा वास येत होता. तेव्हापासून बाटल्या पायाशी, थंड हवेच्या झोताजवळ ठेवतो आणि आणणाऱ्यांना दिवाळी ते संक्रांत या काळातच आणायला सांगतो.

साठवणीसाठी १२ ते १६ अंश तापमान आदर्श असते. आपल्याकडे एप्रिलनंतर ते फ्रिजबाहेर मिळत नाही. गावाकडे माळवदाचे जुने घर असेल, तर जाड मातीच्या भिंतीतील आतल्या खोलीची देवळी हिवाळ्यात उत्तम काम देते. उन्हाळा लागला की सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बाटली आडवी ठेवावी. फिरवून उघडायच्या, आट्याच्या झाकणाची (स्क्रू कॅप) बाटली उभी ठेवली तरी चालते. असे झाकण स्वस्त मालाचे लक्षण मानण्याचा गैरसमज अजून ऐकू येतो. वस्तुतः २००० साली क्लेअर व्हॅलीतील रिझलिंग उत्पादकांनी बुचाच्या दोषांना कंटाळून ते एकत्रितपणे स्वीकारले, आणि आज तिथल्या अत्यंत महाग वाइनही या झाकणात मिळतात.

चाखणे

सकाळी अकराची वेळ मला सर्वांत योग्य वाटते, कारण तेव्हा जीभ ताजी आणि पोट जेवणाच्या वाटेवर असते. घरात फोडणी, उदबत्ती, अत्तर यांचा वास नसावा आणि तासभर आधी चहा, पान, तंबाखू काही घेऊ नये. पेले काचेचे, खाली फुगीर आणि वर निमुळते असावेत. शेजारी पाणी, ज्वारीच्या भाकरीचे बिनमिठाचे तुकडे आणि थुंकण्यासाठी एक तस्त ठेवावे. चार-पाच वाइन चाखायच्या तर गिळू नये. चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवून तस्तात टाकावी. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने चाखण्यातही भाग घेऊ नये.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा नियम थंड देशातील खोलीसाठी आहे. आपली खोली ३२ अंशांची असेल तर शिराझमध्ये अल्कोहोलच जाणवते आणि फळ मागे पडते. लाल बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी. पांढरी आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये ठेवून चाखण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढावी. क्रम हलक्याकडून जडाकडे लावावा: आधी पांढऱ्या रिझलिंग, सेमिलॉन, शार्डोने, मग लाल पिनो न्वार, काबर्ने, शिराझ, आणि सर्वांत शेवटी गोड मस्कॅट.

प्रत्येक पेल्यात ५० मिलिलिटरच ओतावी. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. लाल वाइन वयानुसार जांभळीकडून विटकरीकडे जाते, पांढरी फिकट हिरवटाकडून सोनेरीकडे. मग न हलवता एकदा वास घ्यावा, पेला फिरवून दुसऱ्यांदा घ्यावा, आणि जो शब्द पहिला सुचेल तो लगेच लिहावा.

शब्द आपलेच वापरावेत. स्ट्रॉबेरी आणि ब्लॅककरंट यांची परकी यादी पाठ करून काही हाती लागत नाही. तरुण क्लेअर रिझलिंगमध्ये मला किसलेल्या लिंबाची साल आणि जालन्याच्या मोसंबीच्या सालीखालचा कडसर पांढरा थर सापडतो. तीच बाटली आठ-दहा वर्षांची झाली की त्यात रॉकेलचा स्पष्ट वास येतो. लहानपणी कंदिलात रॉकेल भरलेल्या कोणालाही तो चुकणार नाही. तो दोष नव्हे. ऊन खाल्लेल्या रिझलिंगच्या द्राक्षांतील घटक बाटलीत मुरताना तो तयार होतो. काही पांढऱ्या वाइनमध्ये पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा भास होतो. त्या गंधाला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनीच दिले, ही गोष्ट मृगाच्या सरीची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळची वाटावी. कूनावाराच्या काबर्नेत पुदिना आणि रस्त्याकडेच्या निलगिरीचा पाला चुरगळल्यासारखा गंध मिळतो, आणि निलगिरीचा गंध अनेकदा मळ्याशेजारच्या खऱ्या झाडांवरूनच द्राक्षांवर आलेला असतो. शिराझमध्ये पिकलेले जांभूळ आणि काळी मिरी. मिरीचा गंध देणारा रोटंडोन हा घटक ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शिराझमध्ये ओळखला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. खुद्द मिरीतही तोच असतो. त्यांच्या चाचणीत सुमारे पाचांतील एकाला हा गंध मुळीच आला नव्हता. म्हणून घरात एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांचेही खरे धरावे.

घोट घेतल्यावर चार गोष्टी तपासाव्यात: आंबटपणाने जिभेच्या कडांना पाणी सुटते का, कच्च्या जांभळासारखा तुरटपणा हिरड्यांवर किती धरतो, घशात अल्कोहोलची ऊब किती आहे, आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ टिकते. शेवटची बाब घड्याळात मोजावी. पाच सेकंदांत चव विरली तर बाटली साधी. वीस सेकंदांपुढे टिकली तर सवलतीत चांगली वस्तू मिळाली. आणि शक्य असेल तेव्हा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यांत नाशिकची एक शिराझ मिसळून चाखावे. खोडलेल्या किमतीचा जिभेवरील प्रभाव किती मोठा असतो, हे त्या दिवशी कळते.

जेवणासोबत द्यायची तर तिखटाचा विचार आधी करावा. तुरट आणि जास्त अल्कोहोलची लाल वाइन मिरचीचा दाह वाढवते. काळ्या मसाल्याच्या येसर आमटीसोबत शिराझ दिली की दोन्ही बिघडतात. तिथे थंड, किंचित गोडसर रिझलिंग चालते. नान-खलियाच्या मऊ शिजलेल्या मटणासोबत मात्र जुन्या वेलींची बरोसा शिराझ उत्तम लागते. हुरड्याच्या दिवसांत शेतावर कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि हंटर सेमिलॉन अशी मांडणी एकदा करून पाहावी. मस्कॅटमध्ये मनुका, खजूर आणि काकवी एकवटलेली असते. ती जेवणानंतर चमचाभरच पुरते.

बिघडलेली बाटली आणि उरलेली वाइन

पावसात भिजलेल्या गोणपाटाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर तो बुचाचा दोष असतो आणि हवेने जात नाही. काडी ओढल्यासारखा किंवा सडक्या अंड्याचा वास आट्याच्या झाकणाच्या बाटलीत कधी कधी येतो. वाइन जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवली की तो बहुधा निघून जातो, म्हणून निर्णयाची घाई करू नये. काळपट झालेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा शिरलेली आहे. बाटली खरोखर दोषी असेल, तर ऑस्ट्रेलियातील ग्राहक कायदा खरेदीदाराच्या बाजूने आहे. मात्र बाटली ओतून देऊ नये. निम्म्याहून अधिक वाइन तशीच ठेवून झाकण लावावे, लेबल आणि पावतीचे छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी लिहून कळवावे. म्हणूनच डझन घेतल्यावर पहिली बाटली तिथेच, परत करणे शक्य असताना उघडायला मी पुतण्याला सांगतो.

चांगली वाइन उरली, तर ती काठोकाठ भरेल अशा लहान स्वच्छ बाटलीत ओतून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चाखून कालच्या नोंदीशेजारी आजची नोंद करावी. स्वस्त वाइन बहुधा रात्रीत ढासळते. जी दुसऱ्या दिवशी तशीच किंवा अधिक मोकळी लागते, तिचाच डझन मागवावा. मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास आणि तिथल्या उन्हाळी वेळेत साडेपाच तास असते. सवलत मध्यरात्री संपणार असेल, तर आपल्या संध्याकाळी सहाच्या आत फोन व्हायला हवा.